बंद डब्यातला करंट

भांडण लागलं तेव्हा मालतीबाई पडद्यामागे बसून साड्यांचे धागे कापत होत्या. सुरतेतल्या भेस्तानच्या त्या घरात खोल्या दोन आणि त्यांच्यामध्ये भिंत म्हणाल तर एक जुनी साडी. त्यामुळे ऐकायचं नाही असं ठरवलं तरी ऐकू यायचंच, आणि मालतीबाईंनी तसं काही ठरवलंही नव्हतं.

पडद्यापलीकडे त्यांचा धाकटा भाऊ बाजीराव होता आणि बाजीरावचा एकुलता मुलगा प्रफुल्ल. प्रफुल्लची आई शकू तो शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून चूल आत्याच्या हातात. पोरगा नुकताच इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर होऊन घरी आला होता. बाजीरावने सुरतेजवळच्या सचिन गावातल्या आपल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेठला गळ घातली, शेठने पुढे कुणाला तरी गळ घातली, आणि इच्छापोरच्या एका कारखान्यात पोराची सोय लागली. मशीनं दुरुस्त ठेवायचं काम. ठेकेदाराकडून नाही, थेट कंपनीत. छातीवर कंपनीचा बिल्ला, न्यायला कंपनीची बस. शिंदखेड्याकडून पोटासाठी सुरतेत आलेल्या, सगळा जन्म लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला याहून मोठं काय हवं असतं?

प्रफुल्ल म्हणाला, मला नाही जायचं. मला पुढे शिकायचंय, मोटरींवर.

"मोटरमा काय शिकानं शे?" बाजीराव म्हणाला. "बटण दाबलं का फिरस, पाडलं का थांबस. झालं."

"आबा, ती थांबते कशी, तेच शिकायचंय."

यावर बाजीराव जे बोलला ते मालतीबाईंच्या कानात कायमचं राहिलं. आवाज चढवला नाही. तो हळू बोलला की घरातली भांडीही दबकून असायची. "शीक. पन एक ध्यानमा ठेव. तुन्या मशीनले मना हात लागनार नही. कधीच नही."

मालतीबाईंची कात्री धागा सोडून साडीत गेली. बोटभर भोक पडलं. त्यांनी ते साडीवरच्या वेलीच्या एका पानाखाली झाकून टाकलं. कुठल्या तरी बाईने ती साडी हौसेने नेसलीही असेल.

त्यानंतर बापलेक बरेच दिवस आत्याच्या तोंडून बोलत होते. "आक्का, त्याला सांग पाणी आलंय." "आत्या, आबांना सांग मी भरतोय." दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे, आणि मधे मालतीबाई टपाल वाहतायत.

प्रफुल्ल शिकला. मोठ्या परीक्षेत बसला, पास झाला, सरकारी शिष्यवृत्तीवर एम.टेक. करून आला आणि गावाबाहेरच्या एका खासगी कॉलेजात मास्तर लागला. लागला म्हणजे काय, अकरा महिन्यांच्या करारावर. दर उन्हाळ्यात कॉलेज त्याची मास्तरकी वाळवणासारखी उचलून ठेवायचं आणि पावसाळा लागला की पुन्हा पसरायचं. मालतीबाईंना हे कधी उमगलं नाही. पापड वाळले की डब्यात जातात, हा मुलगा वर्षानुवर्षं वाळतोच आहे. कायम व्हायचं तर डॉक्टर व्हावं लागतं, तो म्हणायचा. दवाखान्यातला नाही, पुस्तकाचा.

तो ज्यांच्या हाताखाली डॉक्टर व्हायला गेला ते नायकसाहेब. चांगला माणूस, बोलायला मऊ, सुरतेतलाच. त्यांच्याकडे प्रफुल्लने विषय घेतला तो थेट बापाच्या लूमचा. सचिनला लाइट पूर्ण जात नाही, पण मधूनच बसते, पापणी लवल्यासारखी. तेवढ्यात लूमची मोटर दचकते, ताण्याचे धागे तुटतात, कारागीर शिव्या देत गाठी मारत बसतो. हे बाजीरावने आयुष्यभर केलं होतं. प्रफुल्लला असा डबा बनवायचा होता, जो मोटरच्या आधी बसेल आणि मोटरला दचकू देणार नाही.

एकदा मालतीबाईंनी विचारलं, तुझ्या डब्यात असतं तरी काय?

"आत्या, आपला नळ मधेच बारीक झाला तर तू काय करतेस?"

"शेजारणीला बोलते. तिनेच मोटर लावलेली असते."

"आणि वर टाकी भरलेली असली तर?"

"मग कशाला बोलू?"

"माझा डबा म्हणजे ती टाकी. खालून लाइट क्षणभर बसली तरी मोटरला कळत नाही."

मालतीबाईंना ते पटलं. त्यांनी गल्लीत सांगून टाकलं की आमचा परफुल लाइटीची टाकी बांधतोय. बायकांनी विचारलं, किती मजली?

पण वर्षं जात राहिली. मधे साथीचं, बंदचं वर्ष आलं, कॉलेजला कुलूप, लूमला कुलूप. प्रफुल्लचं राखीशी लग्न झालं. ती शाळेत शिकवायची आणि घर तिच्यावर निम्मं चालायचं. प्रफुल्लने लेख लिहून परदेशात पाठवले. तिकडच्या कुणा माणसाने नाव न सांगता उत्तर लिहिलं की कॉलेजच्या प्रयोगशाळेत डबा चालला हे ठीक, पण खऱ्या लूमवर चालवून दाखवा. मालतीबाई म्हणाल्या, ज्याला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते त्याचं काय ऐकायचं? पण ऐकावं लागत होतं. आणि नायकसाहेब येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. प्रफुल्लला मिळायच्या तेवढ्या मुदतवाढी मिळून संपल्या होत्या. साहेब खुर्चीवर आहेत तोवर प्रबंध दिला तर डॉक्टर, आणि डॉक्टर झाला तर कॉलेजातली एक कायमची जागा त्याच्यासाठी उघडी. नाही दिला तर सगळं पाणी.

आता शेठ लोक आपल्या चालत्या लूमवर कुणा मास्तरला खेळू देतात होय? प्रफुल्ल चार ठिकाणी जाऊन, चहा पिऊन परत आला.

एके दिवशी बाजीराव बाहेरून आला. डोळे अधू झाल्यावर त्याने लूम सोडली होती, तरी त्या दिवशी अंगात इस्त्रीचा शर्ट होता. प्रफुल्ल समोरच जेवत होता. बाजीराव चुलीकडे तोंड करून म्हणाला, "आक्का, त्याला सांग, शेठ हो म्हणाला. कोपऱ्यातली लूम देतोय."

मालतीबाईंनी मान वळवून पुतण्याला सांगितलं, शेठ हो म्हणाला. प्रफुल्लचा घास हातातच राहिला.

डबा कोपऱ्यातल्या लूमवर बसला. बाजीराव रोज सकाळी सचिनला जाऊन तिथे बसायचा. जुने सोबती चिडवायचे, "आला डॉक्टरचा बाप. बघा, पेशंट झोपलाय का." बाजीराव हसायचा नाही, पण उठायचाही नाही. शेजारच्या लूमवरचा सुपडू सांगायचा की बाजीभाऊ डब्याजवळ गेला की दोन्ही हात पाठीमागे बांधतो. देवळात गेल्यासारखा. शब्द दिला होता ना, हात लागणार नाही म्हणून. आता राग उरला नव्हता, नुसता शब्द उरला होता. तो पाळायला त्याला मजाच येत असावी.

लाइट बसायची, सगळ्या लूम दचकायच्या, कोपऱ्यातली चालत राहायची. संध्याकाळी बाजीराव घरी येऊन सांगायचा, आज सुपडूने गाठी मारल्या, आमच्या लूमने नाही. तो 'आमची' म्हणाला हे एकट्या मालतीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी मुद्दाम दाखवून दिलं नाही.

शेवटची मापं घेऊन झाली त्या दिवशी दुपारी प्रफुल्लने बटण पाडलं, लूम थांबवली, डब्याचं झाकण उघडलं. तेवढ्यात नायकसाहेबांचा फोन आला. आत खडखडाटात ऐकू येईना म्हणून तो दाराबाहेर गेला.

लूम थांबली की कारागीर काय करतो? पाणी प्यायच्या आधी फडकं उचलतो. सूत उडून सगळीकडे बसलेलं असतं. चालत्या मशीनला हात लावता येत नाही, म्हणून बंद झालेली मशीन म्हणजे पुसायची मशीन. ही सवय बाजीरावने पोरवयात लावून घेतलेली, तिला विचार लागत नाही. उघड्या डब्यात पांढऱ्या कापसाचा थर दिसला. बटण पडलेलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आणि पाठीमागचे हात पुढे आले.

टाकी भरलेली होती.

सुपडू म्हणाला, आवाज झाला, फटाका फुटल्यासारखा, आणि बाजीभाऊ मागच्या मागे ताणा गुंडाळलेल्या बीमवर जाऊन पडला.

जीव वाचला. उजव्या हाताचा तळवा भाजला, दोन बोटं कायमची आकडली. ज्या बोटांनी तुटलेल्या धाग्याला न बघता गाठ बसायची, ती आता कपाचा कान धरू शकत नव्हती. दवाखान्यात तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बटण पाडेल व्हतं, आक्का. मी पाह्यं. बटण पाडेल व्हतं."

घरी आल्यावर मात्र त्याने सगळ्यांना सांगितलं की तेलावरून पाय घसरला. मालतीबाईंना कारण कळत होतं. सचिनमध्ये तो मास्टर म्हणून ओळखला गेला होता. बंद मशीनचा करंट खाल्ला असं कळलं तर नवी पोरंसुद्धा हसतील. सुपडूलाही त्याने शपथ घातली.

शेठने डबा त्याच दिवशी काढून बाहेर ठेवला होता. पण मापं झाली होती. नायकसाहेब म्हणाले, तुझं काम पुरं झालं, प्रबंध बांध आणि दे.

प्रफुल्लने बांधलं नाही. तो एक नवं प्रकरण लिहायला बसला. लूम का थांबली नाही हे जसं लिहिलं, तसं तो डबा बंद झाल्यावरही कसा मारतो आणि लूमच्या माणसाला तो कसा मारणारच, हे त्याला लिहायचं होतं. बटण पडताक्षणी टाकी आपोआप रिकामी होईल असा तुकडा डब्यात हवा होता. तो बसवायचा असतो हे त्याला माहीत होतं. पण प्रयोगशाळेत सगळे जाणकार, थांबून मगच हात घालणारे, तिथे कधी गरज पडली नाही. पुढच्या डब्यात बसवू म्हणून राहून गेलं.

नायकसाहेब फळं घेऊन घरी आले. बाजीरावच्या खाटेशी बसले. घरच्यासारखे गुजरातीत बोलले, "बाजीभाई, छोकराने समजावो." पोराला समजवा. मग प्रफुल्लकडे वळून जे म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. अपघात म्हणजे माप नव्हे. तो लिहिलास तर परीक्षक विचारतील, माणसं वावरतात तिथे असा डबा कुणाच्या परवानगीने ठेवला? मग शेठ आला, कॉलेज आलं, मी आलो. मी सही कशी करू?

प्रफुल्ल खाली बघून म्हणाला, "सर, टाकी मोठी केली म्हणून लूम थांबली नाही. आणि टाकी मोठी केली म्हणून आबांचा हात गेला. एक लिहायचं आणि दुसरं नाही, असं कसं?"

साहेब गेले. त्यांच्यानंतर बाजीराव बोलला, तसाच हळू. "म्हणजे मी चुकनू, ते तू पुस्तकमा लिखशी."

"चूक तुमची नाहीच आबा. माझी आहे."

"मंग मी कोन? येडा शे का मी? लहान पोऱ्या शे?" चूक नाही म्हटल्याने तो जास्त दुखावला. चूक करायचाही मान काढून घेतल्यासारखा. "नाव नको टाकू मनं. काहीच नको टाकू. मी तेलवर घसरनू."

पुढचे कित्येक दिवस त्या घरात पुन्हा टपाल सुरू झालं. मालतीबाईंचे पाय आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. त्यांनी एकदा प्रफुल्लला एकटं गाठलं. आधी डॉक्टर हो, म्हणाल्या, मग आयुष्यभर लिही काय लिहायचं ते.

"नंतर कुणी लिहीत नाही, आत्या. माझ्या आधी ज्यांनी असे डबे केले त्यांनीही नंतरच ठेवलं असणार. मी शोधलं, कुठे सापडलं नाही."

राखीने ऐकून घेतलं आणि ताट पुढे सरकवलं. "लिहा नाहीतर लिहू नका. पण एकदाचं ठरवून जेवत चला. अर्ध्या जेवणाने डॉक्टर कुणी होत नाही."

त्याने लिहिलं. बापाचं नाव टाकलं नाही, एक अनुभवी कारागीर एवढंच. नायकसाहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि सही केली नाही. रागावलेही नाहीत. हे प्रकरण काढ, मी उद्याच्या उद्या सही करतो, एवढंच म्हणत राहिले, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. मग त्यांचा निरोप समारंभ झाला, शाल आणि नारळ. प्रफुल्ल रांगेत उभा राहून पाया पडला. साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायला त्यांना जरा वेळ लागला. मुदत त्याच आठवड्यात संपली.

उन्हाळ्यात कॉलेजने वाळवण उचललं ते या वेळी पसरलंच नाही. कायमच्या जागेवर कुणी डॉक्टर झालेला आला.

शोधाशोध करून प्रफुल्लला नोकरी लागली ती इच्छापोरला. मशीनं दुरुस्त ठेवायचं काम. आता थेट कंपनीत नाही, ठेकेदाराकडून. बिल्ला ठेकेदाराचा, बसचं विचारू नका. त्याने हे जेवताना सांगितलं. मालतीबाईंनी भावाकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी बोलायची वेळ आली होती आणि कुणी त्याला दोष दिला नसता. बाजीरावने डाव्या हाताने भाकरी तोडली आणि घास आमटीत बुडवला.

कॉलेजातलं सामान आणायचा दिवस आला. पुस्तकं होती, आणि तो डबा होता. राखी शाळेत. बाजीराव म्हणाला, मी येतो. मग मालतीबाईही निघाल्या, कारण त्या दोघांना एका रिक्षात नुसतं बसवलं असतं तर रिक्षावाल्याला वाटलं असतं कुणी गेलंय.

प्रयोगशाळा मालतीबाईंनी पहिल्यांदाच पाहिली. टेबलं, टेबलांवर डबे, वायरींचा गुंता. पुस्तकं भरून झाली. चावी द्यायची की निघायचं. पण प्रफुल्लने कोपऱ्यातून एक फळी आणली. तिच्यावर दोन साधे पिवळे बल्ब, खाली लाकडी मूठ, आणि टोकाला दोन वायरी. बाजूला रेंगाळणारी एक विद्यार्थिनी मालतीबाईंना हसून म्हणाली, "सरनी आरती. रोज सांजे."

बापाचा हात गेला तेव्हापासून प्रफुल्ल हे रोज करत होता. घरी जाण्याआधी एकेका डब्याचं बटण पाडायचं, प्लग काढायचा, वायरी लावायच्या, आतली टाकी रिकामी होऊन बल्ब विझेपर्यंत थांबायचं, मग झाकण बंद. आज हे डबे त्याचे राहिले नव्हते, उद्या दुसरा कुणी येणार होता. तरी तो पहिल्या टेबलापासून सुरू झाला.

बाजीराव दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याच्या मागे मागे चालू लागला.

लहान डब्यांचे बल्ब लुकलुकून विझत होते. शेवटी राहिला प्रफुल्लचा डबा. सचिनहून परत आणल्यावर तो इथेच असायचा, मुलांना दाखवायला. प्रफुल्लने बटण पाडलं. प्लग काढून टेबलावर ठेवला. बाजीराव वाकला. त्याने बटण पाहिलं, मग वायर धरून नजर प्लगपर्यंत नेली, मग भिंतीतल्या रिकाम्या भोकांपर्यंत. काही जोडलेलं नव्हतं.

वायरी लागल्या आणि दोन्ही बल्ब लख्ख पेटले. टेबलावरचा पसारा उजळून निघाला, बाजीरावचा चेहराही. विझायची घाई त्या बल्बांना नव्हती.

"इतला?" बाजीराव म्हणाला.

"हो, आबा."

"बटण पाडेल शे."

"हो. त्या दिवशीही पाडलेलं होतं."

बाजीराव बल्बकडे बघत राहिला. मालतीबाई त्याच्या गालाकडे बघत होत्या. धागा सापडत नाही तेव्हा तो गाल आत ओढायचा, लहानपणापासून. मग त्याने पाठीमागून डावा हात काढून पुढे केला.

प्रफुल्लने फळीची मूठ त्या हातात दिली. वायरी स्वतःच धरून ठेवल्या. बल्ब पिवळे होते ते तांबडे झाले, मग आत नुसती तार दिसू लागली, मग तीही दिसेना.

"झालं?"

"थोडं थांबू," प्रफुल्ल म्हणाला.

थांबले. मग त्याने फळी घेऊन कोपऱ्यात जागेवर ठेवली, झाकण लावलं, एकेक स्क्रू पिळला आणि डबा खांद्याला टेकवून उचलला. बाहेर येऊन कुलूप लावलं. खाली ऑफिसात कुणी नव्हतं, म्हणून चावी रोजच्या खिळ्याला अडकवली. रिक्षा गेटाशी उभी होती. डबा रिक्षात ठेवून तो जिना चढून परत वर गेला, कुलूप एकदा ओढून पाहिलं, आणि मग आला.